चार नंबरची हाक

आमचे हे जाऊन अडीच महिने झाले, तरी कोल्डात दिवसभर त्यांचेच उच्चार चालू होते. हमालाला विचारा, हे पोतं कसलं, तर म्हणणार 'कनिघट'. ते? 'इसलँड'. आणि कोपऱ्यातलं? 'कोलोनेल'. बोळाच्या तोंडाशी स्टुलावर बसून बावीस वर्षं यांनी पोत्यांवरची बटाट्याच्या वाणांची इंग्रजी नावं पुकारली, आणि जशी लिहिलेली दिसली तशी पुकारली. चुकतंय असं कुणी म्हटलं नाही. म्हणणार कोण? सगळ्यांचं इंग्रजी त्यांच्याच तोंडून आलेलं. लोकांनी त्यांचं नावच पाडलं होतं पुकारे. मी त्याच बोळात बसून दाभणाने फाटकी पोती शिवायची, म्हणून मी पुकारीणबाई.

कोल्ड म्हणजे बियाण्याचे बटाटे ठेवायचं कोल्ड स्टोरेज. चार खोल्या, एका बोळात चार दारं, प्रत्येक दार वीतभर जाड. काम असं की हमाल पाठीवर पोतं घेऊन येतो, पुकारणारा पोत्यावरचं नाव वाचतो आणि खोलीच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक देतो. आत थर रचणारा असतो, तो तेच नाव परत ओरडतो. तो ओरडला की कळलं, त्याने ऐकलं आणि तो आत आहे. खोली बंद करताना शेवटची हाक. आतून उत्तर यायचं, उत्तर देणारा डोळ्यांसमोर बाहेर यायचा, मग दार. उत्तर आलं नाही तर आत जाऊन बघायचं. हा नियम यांचाच. यांच्या आधी नव्हता.

आणि त्यांतल्याच चार नंबरच्या खोलीत हे सापडले. भर दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत होतं तेव्हा. तीन तास आत होते; मी त्या दुपारी घरी होते, आणि ते माझ्याकडेच गेलेत असं सगळ्यांना वाटलं. दार बाहेरून लावलेलं, आतून उघडायचा खटका मोडून वर्ष झालेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, घामेजलेलं शरीर एकदम गारठ्यात गेलं. दार कुणी लावलं, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. मालकांनी विचारलं, तेव्हा सगळे जमिनीकडे बघत होते.

मला ठाऊक होतं. आईला कळत नाही असं कसं होईल? त्या दिवसापासून माझा मुलगा माझ्याकडे बघून जेवला नाही. तोही तिथेच हमाल. चार नंबरचं पोतं आलं की दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचा आणि आपण एक नंबरचं उचलायचा. घरात असला तर असायचा, बोलायचा नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. कंपाउंडातल्या राहायच्या दोन खोल्यांत मी, तो आणि सून अशी तीन माणसं, आणि मधोमध ते दार.

यंदा ऊन महिनाभर आधीच आलं होतं, आणि आता तर वाढतच चाललं होतं. शेतातला माल करपायच्या आत आणायचा म्हणून ट्रॅक्टरची रांग फाटकापासून पार वळणापर्यंत. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, अडीच महिने कुणीही पुकारतंय, ते आता चालायचं नाही. तुम्ही इतकी वर्षं शेजारी बसलात, तुम्हीच पुकारा. पण ऐका, कोल्डातल्या दोन खोल्या यंदा एका बियाणं कंपनीने घेतल्यात. गेल्या साली दुसरीकडे त्यांचं बियाणं मिसळलं. आता त्यांची बाई स्वतः येणार, पुकारणाऱ्याचं वाचन ऐकणार. नीट वाचलंत तर स्टूल तुमचं. नाहीतर त्यांचा माणूस येणार, आणि कंपाउंडातल्या खोल्या पुकारणाऱ्याच्या असतात हे तुम्हाला माहीतच आहे."

"कधी येणार?"

"पुढच्या शुक्रवारी."

नऊ दिवस होते. खोल्यांचं मला काही नव्हतं असं म्हणणार नाही, पण खोल्या काय, कुठेही मिळतात. मला ते स्टूल हवं होतं. त्या दारांपाशी दुसरं कुणी बसून, घाईत, चहा गार होतोय म्हणून, हाक न देता दार ओढेल, हे मला सहन झालं नसतं. या कोल्डातलं दार आता मी लावणार, नाहीतर कुणी नाही.

आता मी चौथी शिकलेली. ए बी सी डी येते, लहान-मोठी दोन्ही. घरी येऊन सुनेला म्हटलं, "सूनबाई, मला वाचायला शिकव."

ती कणीक मळत होती. लग्नाला चार महिने झालेले, बारावी झालेली पोर. हात तसेच ठेवून म्हणाली, "आई, येतं की तुम्हाला. अक्षरं येतात."

"अक्षरं यांनाही यायची. खरं कसं म्हणतात ते शिकव."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही बोळात बसायचो. हमाल पोत्यांवर आडवे व्हायचे, तेव्हा ती खडूने फरशीवर लिहायची. पहिल्याच दिवशी तिने 'कनिघट' लिहिलं. के, एन, आय, जी, एच, टी.

"हे नाइट."

"के कुठे गेला?"

"के मुका आहे, आई. जी-एचपण मुके."

"सहा अक्षरांतली तीन मुकी? मग घातली कशाला, पोत्याला ठिगळ म्हणून?"

ती हसली. मग म्हणाली, "पूर्वी बोलायची ती. फार वर्षांपूर्वी लोक खरंच क म्हणायचे, न म्हणायचे, घसा खरवडून ते जी-एचपण म्हणायचे. बाईंनी शाळेत सांगितलं होतं. मग हळूहळू लोकांनी म्हणायचं सोडलं. लिहिण्यात तेवढं राहिलं."

"म्हणजे हे म्हणायचे ते बरोबर होतं?"

"मेलेल्या लोकांच्या हिशेबाने बरोबर होतं," ती म्हणून गेली, आणि मग तिने जीभ चावली. मी सुईत सुतळी ओवत बसले, पण ती सुतळी काही केल्या नेढ्यात जाईना.

पोर शिकवायची छान. शब्दाच्या शेवटी ई आला तर तो स्वतः गप्प बसतो, पण मागच्या स्वराला त्याचं पूर्ण नाव घ्यायला लावतो. मी म्हटलं, "म्हणजे माझी सासू. कोपऱ्यात बसून एक शब्द बोलायची नाही, पण तिच्या धाकाने आम्ही सगळे नीट बोलायचो." 'इसलँड'मधला एस मुका, म्हणायचं आयलंड. 'आटमन'मधला शेवटचा एन मुका, म्हणायचं ऑटम. आणि 'कोलोनेल'चं कर्नल. मी म्हटलं, "यात र आहे कुठे?"

"नाही."

"नसलेला र म्हणायचा आणि असलेला के म्हणायचा नाही? धन्य आहे बाई या लोकांची."

पण रात्री पडल्या पडल्या, सकाळी चूल पेटवताना, तेच डोक्यात. के आहे. त्याची जागा आहे. काढला तर शब्द चुकतो. फक्त बोलत नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या माझ्या पोराकडे बघायची.

पाचव्या दिवशी मी बोळात खरे उच्चार काढले. एक धट्टाकट्टा हमाल पोतं घेऊन उभा होता. मी पोत्यावरचं नाव वाचलं आणि तीन नंबरकडे तोंड करून हाक दिली, "ना-इ-ट!"

हमाल हलेना. पन्नास किलो पाठीवर, गुडघे थरथरतायत, मानेवरून घाम खाली. "काकू, काय म्हणालात?"

"नाइट. तीन नंबर."

"हे तर कनिघट आहे."

"कनिघट नाही रे बाबा, नाइट म्हणतात."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकू विलायतेला जाऊन आल्या!" सगळा बोळ हसला. त्या हसण्यात तो हमाल कलंडला, पोतं फुटलं आणि बटाटे बोळभर. मी खाली बसून ते गोळा करत होते, तेवढ्यात तीन नंबरच्या आतून, दाराला टांगलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांमागच्या काळोखातून उत्तर आलं, लांबवून, शेवटचं अक्षर आपटून, अगदी यांच्यासारखं, "कनि-घ-ट!"

माझ्या हातातले बटाटे गळाले. आत थरवाला होता हे मला माहीत होतं. बावीस वर्षं यांची हाक ऐकून त्याने यांचा सूरसुद्धा उचललेला. माहीत होतं, तरी मी पट्ट्यांकडे बघत बसले. आतून वाफ येत होती आणि कुणी बाहेर येत नव्हतं.

मुलगा जवळ येऊन बटाटे उचलू लागला. खाली मान घालूनच म्हणाला, "आई, बाबांचंच म्हण ना. काम होतंय तसं. कशाला त्यांचं पुसतेस?"

अडीच महिन्यांत एवढं मोठं वाक्य तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मला त्याच्यावर चिडावंसं वाटलं आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "कंपनीची बाई बाबांचं ऐकायला येणार नाही."

मग मी कंबर कसली. रोज काम सुरू व्हायच्या आधी हमालांना ओळीने उभं करायची आणि म्हणायला लावायची. कनिघट म्हणजे नाइट. इसलँड म्हणजे आयलंड. जो चुकेल त्याने माझं पाण्याचं पिंप भरायचं. दोन दिवसांत पिंप वाहू लागलं. एक म्हणाला, "काकू, यापेक्षा पोती बरी." पण शिकले. एक थरवालाच ऐकेना. तो यांच्याच वयाचा, यांच्याबरोबरच लागलेला. आतून दर वेळी तेच, कनिघट, इसलँड, कोलोनेल. मी बाहेरून आयलंड म्हणावं आणि आतून यांनी मला खोडून काढावं, असं दिवसभर.

बुधवारी मी त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "भावजी, शुक्रवारी तुम्ही असं उत्तर दिलंत तर माझं स्टूल जाईल."

तो विडी काढत होता. थंडीने काळी पडलेली त्याची बोटं काडी धरेनात. म्हणाला, "वहिनी, आतमध्ये अंधार असतो. तिथे मला त्याचाच आवाज सोबतीला आहे. तेवढा सोडू म्हणता?"

मग त्याने खिशातून विड्यांचं पुडकं काढलं आणि त्याखालून दुमडलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा. पोत्याला बांधतात ते लेबल.

"हे त्याच्या हातात होतं. मी काढून घेतलं. लोकांना कळायला नको म्हणून."

"काय कळायला नको?"

"त्या दिवशी नवा माल आला होता. नाव वाचता येईना त्याला. पहिल्यांदाच; मधली अक्षरं कशी जोडायची ते कळेना. तासभर लेबल घेऊन बसला, ओठ हलवत. मी म्हटलं, घरी सून आहे शिकलेली, विचार. म्हणाला, चार दिवसांची पोर ती, तिला मी काय सांगू, तुझ्या सासऱ्याला वाचता येत नाही म्हणून? मग मी इथे आलो विडीला. तो लेबल घेऊन चार नंबरमध्ये गेला असणार, जुन्या पोत्यांवर असलंच काही दिसतंय का ते ताडून बघायला. स्टूल रिकामं. दार उघडं. मालक ओरडतायत, गारवा जातोय, दार लावा."

तो थांबला. "तुमचं पोरगं होतं जवळ. त्याला वाटलं, आत कुणी नाही. हाक देणाराच स्टुलावर नव्हता, वहिनी. हाक देणार कोण?"

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

आत यांनी हाक मारली असणार. जन्मभर हाकाच मारल्या त्या माणसाने. पण यंत्राची घरघर आणि वीतभर दार. त्यांची तेवढी एकच हाक कुणाला ऐकू गेली नाही, आणि तिचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

घरी येऊन लेबल सुनेपुढे धरलं. कुठून आलं ते सांगितलं नाही. पी, एल, ओ, यू, जी, एच.

"हे प्लाउ, आई. हे जी-एचपण मुके."

"म्हणजे काय?"

"नांगर."

मी खालीच बसले. कोल्डात लागायच्या आधी हा माणूस दुसऱ्यांच्या शेतात बारा वर्षं नांगर हाकत होता. शेवटपर्यंत त्यांच्या दोन्ही तळव्यांवर रुमण्याचे, नांगराच्या मुठीचे घट्टे होते, दाढी करताना गालाला लागायचे. ज्या वस्तूने हात असे झाले, तिचं नाव हातात धरून, अंधारात, पोत्या-पोत्यावर शोधत फिरला. आणि तिच्यापायी गेला. सून "आई, आई" करत पाणी घेऊन आली. दाराच्या चौकटीत मुलगा उभा होता. त्याने माझ्या हातातलं लेबल बघितलं. ओळखलं की नाही कोण जाणे, तसाच मागे फिरला.

शुक्रवारी कंपनीची बाई आली. माझ्या सुनेहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. अंगात स्वेटर घालूनच आलेली, हातात पाटी आणि कागद. मालकांनी तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, "नको, मी उभी राहते. तुम्ही रोजचं काम करा."

पहिलं पोतं आलं. के दिसला आणि तोंड आपोआप क काढायला वळलं. बावीस वर्षं कानावर पडलेलं, नऊ दिवसांत जातंय होय? मी तोंड मिटलं, श्वास घेतला आणि तीन नंबरकडे वळून हाक दिली, "नाइट!"

हमाल पोतं तोलून उभा. मी आतल्या अंधाराकडे बघत होते. आता कनिघट येणार, आणि संपलं.

आतून थरवाल्याचा आवाज आला, बारीक, घोगरा, त्याचा स्वतःचा. "नाइट!"

मग आयलंड. आतून आयलंड. ऑटम, कर्नल, सगळं बरोबर. थरवाला प्रत्येक नाव परत द्यायचा, आणि प्रत्येक उत्तराबरोबर यांचं एकेक नाव पुसलं जायचं. लोकांनी हसावं म्हणून मी यांना पुसत नव्हते, पण पुसत तर होतेच. शेवटी प्लाउ. ते मी इतकं स्पष्ट म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

बाईने कागदावर खुणा केल्या. "छान वाचता. कुठे शिकलात?"

"सुनेकडे."

"आणि आतून परत का ओरडतात?"

"आत माणूस आहे हे कळावं म्हणून."

ती त्या दारांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या बाकीच्या गोदामांत असं नाही. हे मी लिहून घेते." मालकांना म्हणाली, "यांनाच ठेवा."

हमालांनी शिट्ट्या मारल्या. एक म्हणाला, "काकू, आता पिंप तुम्ही भरायचं!" मी हसले. आनंद झाला, खोटं का बोलू? स्टूल माझं झालं होतं. पण आतून आता त्यांचा आवाज यायचा नाही, हेही त्याच वेळी कळलं, आणि मी पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने वळले.

ऊन उतरायला लागलं तसं काम आटपलं. एक, दोन, तीन नंबर मी हाक देऊन, माणूस मोजून बंद केले. थरवालाही बाहेर आला, माझ्या शेजारी पोत्यावर बसला, सुनेने त्याच्या हातात चहाचा कप दिला. हमाल हातपाय धूत होते. चार नंबर तेवढं उघडं. आत कुणी नव्हतं. थरवाला माझ्या डोळ्यांसमोर होता. तरी नियम तो नियम. मी दाराशी गेले. गारवा पावलांवर आला. पट्ट्यांमागे काळोख. शेवटचं पोतं प्लाउचं होतं, म्हणून मी तीच हाक दिली.

"प्लाउ!"

आणि आतून उत्तर आलं. लांबवलेलं, एकेक अक्षर धरून, शेवटचं आपटून, "प्लो-उ-घ!"

थरवाल्याच्या हातातला कप खाली पडला. तो उभा राहिला, तोंड उघडं, माझ्याकडे बघत. यांच्या तोंडून हा शब्द कुणीच कधी ऐकला नव्हता. त्यांना तो म्हणताच आला नव्हता. पण म्हटला असता तर असाच म्हटला असता, याच आवाजात. मी दाराची कडी धरून राहिले.

"कोण आहे?" मी म्हटलं.

आत कुणीतरी रडत होतं. मी मोजलेल्या माणसांत एक कमी होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अडीच महिन्यांनी तो चार नंबरमध्ये गेला होता, आणि बापाचा आवाज त्याच्या गळ्यात आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असून आम्ही विसरलो होतो. तो बोलतच नव्हता ना.

"आई," आतून आलं. "मी हाक नाही दिली, आई. त्या दिवशी मी हाक नाही दिली."

"माहीत आहे रे," मी म्हटलं. "माहीत आहे मला. पहिल्या दिवसापासून."

मागून मालकांचा आवाज आला, "बाई, दार लावा, गारवा जातोय!"

"जाऊ दे," मी म्हटलं. "माझा माणूस अजून बाहेर आलेला नाही."

मी दार धरून उभी राहिले. बराच वेळ पट्ट्या हलल्या नाहीत. मग हलल्या.